आमची वाटचाल: प्लायच्या आधी कागद

आमचा मूळ धंदा सुतारकामाचा. दादांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, नाशिकच्या सातपूरला कारखाना होता. अजूनही आहे. घरांची कपाटं, दुकानांचे काउंटर आणि मधूनमधून एखादं ऑफिस अशी कामं यायची. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "चौरस फुटाला काय रेट?" ड्रॉइंग असं वेगळं काही नसे. प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने चार रेघा मारल्या की मिस्त्री कामाला लागायचे.

इंटिरियरचा डिप्लोमा करून मी घरात आले तेव्हा या धंद्यात माझं काम काय, हा प्रश्नच होता. नवऱ्याने सुचवलं की ऑफिसांचे लेआउट तू कर आणि त्याची फी वेगळी घे. दादा हसले. "कागदाचे पैसे नाशकात कोण देणार?" त्यांचं अगदीच चूक नव्हतं. पहिली काही वर्षं लोकांनी ड्रॉइंग फुकट नेलं आणि काम दुसऱ्या सुताराकडून करून घेतलं. पण त्याच वर्षांत आम्हाला उमगलं की ऑफिस बिघडतं ते लाकडामुळे फार क्वचित. ते जागेच्या हिशेबात बिघडतं.

हा हिशेब मी आजही प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगते. 4 बाय 2 फुटांचं टेबल म्हणजे 8 चौरस फूट. माणसाला खुर्ची मागे सरकवून उठायला 3 फूट लागतात आणि त्यामागून दुसऱ्याला जायला आणखी 3 फूट. म्हणजे 4 बाय 8, 8 चौरस फुटांचं टेबल 32 चौरस फूट खातं. "400 फुटांत 20 जण बसवा" म्हणणाऱ्यांना मग गुणाकार करावा लागत नाही. रेरा हा बिल्डरांसाठीचा कायदा लागू झाल्यापासून, म्हणजे 2017 पासून, निदान कार्पेट एरिया, म्हणजे आतली वापरायची जागा, कागदावर स्पष्ट असते. त्याआधीच्या व्यवहारात सुपर बिल्ट-अपचा, म्हणजे जिना-लॉबीचा वाटाही धरलेला, आकडा मनात धरून लोक यायचे आणि आम्ही टेप लावली की चेहरे उतरायचे. आताही एक ध्यानात ठेवावं: रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशनच्या भिंतींची जाडी धरलेली असते, त्यामुळे टेपमध्ये त्याहून थोडं कमीच भरतं.

धंद्याला वळण मिळालं ते कॉलेज रोडवरच्या एका सीए ऑफिसमुळे. खिडकीकडच्या भिंतीला फायलींची रॅक्स लागलेली आणि आर्टिकलशिपची, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणारी, मुलं आत अंधारात, ट्यूबलाइटखाली. कंपन्यांना हिशेबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं जपावी लागतात आणि त्यातलं बरंच शेवटी सीएकडेच येऊन पडतं, त्यामुळे फायली कमी करा असं म्हणणं सोपं नव्हतं. आम्ही फक्त अदलाबदल केली. फायली आतल्या भिंतीला, जमिनीपासून छतापर्यंत, मुलं उजेडात. साहेबांना जागा वाचवायला सरकता कॉम्पॅक्टर, म्हणजे रुळांवर सरकून एकमेकांना चिकटणारी रॅक्स, हवा होता, पण कागदाचं वजन भयंकर असतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅब पाहून नको म्हटलं, तेव्हा तो बेत सोडला. केबिनचं पार्टिशन मात्र फॉल्स सीलिंगच्या वर, थेट स्लॅबपर्यंत नेलं. सीलिंगपाशी थांबवलं तर आवाज वरून पलीकडे जातो आणि एका अशिलाचा टॅक्स दुसऱ्या अशिलाला ऐकू येतो. या कामात फर्निचर नवीन जवळपास काहीच नव्हतं. बिल लेआउटचं झालं आणि ते त्यांनी कुरकुर न करता दिलं. दादांनी त्या दिवशी काही म्हटलं नाही, पण पुढच्या गिऱ्हाइकाला स्वतःच म्हणाले, "आधी सूनबाईंशी बोला."

मग अंबडच्या कारखान्यांची कामं सुरू झाली. तिथली माणसं इंजिनिअर, मशीन कुठे बसवायचं याचा त्यांचा अभ्यास पक्का. त्यांना पटवावं लागलं नाही. शॉप फ्लोअरवर माल किती फिरतो हे ते मोजतातच, तेच आम्ही ऑफिसात मोजलं. स्टोअरचा माणूस चलनावर सही घ्यायला दिवसभर जिना चढतो का, हे बघितलं आणि सही करणाऱ्याचं टेबल खाली आणलं.

सगळ्यात आवडीचं काम पिंपळगावच्या बाजूच्या एका द्राक्ष निर्यातदाराचं. जानेवारी ते एप्रिल ऑफिस माणसांनी फुगलेलं असतं. कंटेनरची कागदपत्रं, रेसिड्यूचे, म्हणजे द्राक्षांत उरलेल्या औषधांच्या अंशांचे, रिपोर्ट, ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवरच्या नोंदी चालू असतात आणि त्यातच हिशेबाला आलेले शेतकरी. जूनमध्ये तिथे चारच खुर्च्या भरलेल्या. मालकांना सीझनच्या गर्दीएवढं ऑफिस बांधायचं होतं. आम्ही कायमची टेबलं निम्मी ठेवली आणि मीटिंगच्या खोलीत लांब टेबलाखाली विजेचे पॉइंट देऊन ठेवले, सीझनला तिथेच कागदपत्रं करणारी माणसं बसतात. शेतकऱ्यांसाठी दारातच ऐसपैस बैठक आणि तिला लागून हिशेबाची खिडकी. जुन्या वाड्यात आलेला माणूस ओटीवर बसायचा, माजघरात शिरायचा नाही. तसंच हे. मातीचे बूट आत येत नाहीत आणि कुणाला अपमानही वाटत नाही.

वास्तूबद्दल विचारतातच. शेठ नैऋत्येला, देव ईशान्येला. मी वाद घालत नाही, इमारतीतल्या कॉलमसारखी ती एक अट समजते. अडचण होते ती नैऋत्येला बिल्डरने शौचालयाची डक्ट दिलेली असते तेव्हा. पश्चिमेच्या काचेवर मात्र मी वाद घालते. रस्त्याकडे पूर्ण काच हवी असते, आणि मग दुपारी तीननंतर पडदे ओढून आत दिवे लावून बसतात. एसीचं बिल वेगळं.

सराफ बाजाराकडच्या कामांत वेगळाच नियम. गोदेला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते सगळं नाशिक बघतं आणि मोठ्या पुरात बाजारात पाणी शिरतं. तिथे तळमजल्यावर इन्व्हर्टर, वह्या, दस्त ठेवायचे नाहीत. स्विचबोर्डही वर घ्यायचे, दिसायला कसेही दिसोत.

कोविडनंतर अॅक्रिलिकची पार्टिशनं बसवली आणि वर्षभरात काढलीही. त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

आता पद्धत अशी आहे. कागदावर लेआउट ठरला की मोकळ्या गाळ्यात खडूने लाइनआउट टाकतो, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतो आणि मालकांसोबत चहा देणाऱ्या माणसालाही बोलावतो. दार कुठे अडतं ते बहुतेक वेळा तोच सांगतो. त्यानंतर इलेक्ट्रिशियन, आणि सुतार सगळ्यात शेवटी. फी ठरलेली आहे, ड्रॉइंग घेऊन काम दुसऱ्याकडून केलंत तरी आमची हरकत नाही. फक्त साइटवर एखादा पॉइंट हलवायचा झाला तर आधी फोन करा. टाइल्स बसल्यावर केला तर मी येईन, पण सोबत ब्रेकरवाला असेल.