व्हर्दन गाळा, प्रूम धरा: शार्लमेनच्या साम्राज्यामागे फिरताना

८४३ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्दनच्या कराराने सम्राट शार्लमेनचं पश्चिम युरोपभर पसरलेलं साम्राज्य तिघा नातवांत वाटलं गेलं, एवढं बहुतेकांनी वाचलेलं असतं. त्यामुळे त्याची जर्मनीतली राजधानी आखेन पाहिली की पुढचा मुक्काम व्हर्दन, असा बेत सहज ठरतो. तो बदला, व्हर्दनऐवजी जर्मनीतलं प्रूम धरा. मला एका प्रवास कंपनीच्या माणसाने ‘तिथे कराराचं स्मारक आहे’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. शहरभर पायपीट केली, पण त्या कराराची ठळक अशी एकही खूण दिसली नाही. कराराचा मजकूरसुद्धा आज शिल्लक नाही. व्हर्दन हे पहिल्या महायुद्धातल्या १९१६ च्या लढाईचं गाव आहे: किल्ले, खंदक, आणि द्युओमाँच्या अस्थिस्मारकात सुमारे १,३०,००० अनोळखी सैनिकांची हाडं. ते पाहायचं असेल तर जरूर जा, पण त्यासाठी म्हणून जा.

जाण्याचा मार्गही वैताग आणणारा. पॅरिसहून वेगवान गाडी तासाभरात ‘म्यूझ टीजीव्ही’ला सोडते आणि आपल्याला वाटतं, पोचलो. हे स्थानक शेतांच्या मधोमध आहे, व्हर्दनपासून वीस किलोमीटरहून जास्त. गाडीच्या वेळेला जोडून बस असते. माझी गाडी उशिरा आली, बस निघून गेलेली, आणि उभ्या असलेल्या एकमेव टॅक्सीवाल्याने ९० युरो मागितले, तेही रोख. मीटर चालू करा म्हटलं तर मान हलवली. अंधार पडत होता, दिले. ती रक्कम अजून डाचते. जायचंच असेल तर बसचं तिकीट आधी काढा, दिवसाउजेडी पोचा आणि टॅक्सीचं भाडं बसण्याआधी कागदावर लिहून घ्या.

आखेनबद्दल मात्र दुमत नको. कॅथेड्रलच्या पोटात शार्लमेनचं अष्टकोनी प्रार्थनागृह अजून उभं आहे, बाराशे वर्षं. घुमटातला सोनेरी मोझेइक आणि भिंतींवरचा झगमगाट पाहून ‘काय श्रीमंती होती’ म्हणू नका. ते काम एकोणिसाव्या-विसाव्या शतकातलं. खरं पाहायचं ते वरच्या सज्जातलं सिंहासन. तिथे फक्त मार्गदर्शकाबरोबर सोडतात, तिकीट समोरच्या माहिती केंद्रात मिळतं. इंग्रजी फेऱ्या कमी, म्हणून सकाळीच नोंदवा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारपर्यंत थांबावं लागतं.

सहा पायऱ्या आणि वर संगमरवराच्या साध्या पाट्या, धातूच्या पट्ट्यांनी जोडलेल्या. नक्षी नाही, सोनं नाही. बाजूच्या एका पाटीवर रेघा कोरलेल्या दिसतात: आपल्या नवकंकरीसारखा खेळाचा पट. म्हणजे हा दगड आधी कुठेतरी फरशी वगैरे असणार. ८०० च्या नाताळात रोममध्ये पोपकडून मुकुट घेतलेल्या माणसाने अशी जुनी पाटी बसायला घेतली, हे पाहून मी अक्षरशः हरखून गेले. ९३६ ते १५३१ या काळात ३० जर्मन राजांचे राज्याभिषेक याच इमारतीत झाले. आणि ८८१ च्या स्वारीत व्हायकिंगांनी इथेच घोडे बांधले होते. शार्लमेन गेल्यावर सत्तर वर्षांत एवढी घसरण.

ही घसरण समजून घ्यायला प्रूम. शार्लमेन जिंकत होता तोवर सरदारांना वाटायला लूट आणि जमीन होती. मुलगा लुई द पायस याच्या काळात जिंकणं थांबलं, वाटणं थांबलं नाही. ८३३ मध्ये त्याच्या मुलांनीच त्याला पदच्युत केलं. वर्षभरात तो परत गादीवर आला, पण जरब गेली ती गेलीच. लुईचा थोरला मुलगा लोथार, सम्राटपद आणि आखेनपासून इटलीपर्यंतचा मधला पट्टा मिळूनही, ८५५ मध्ये प्रूमच्या मठात साधू झाला आणि सहा दिवसांत वारला. जाण्यापूर्वी त्याने तो पट्टाही तीन मुलांत वाटून टाकला. त्याची हाडं इथल्या चर्चमध्ये आहेत. इमारत अठराव्या शतकातली, कबर १८७४ ची, कैसर विल्हेल्मच्या पैशाने बांधलेली. मी गेले तेव्हा आत दुसरं कोणीही नव्हतं, तिकीटही नव्हतं. व्हर्दनला जे शोधत होते ते इथे सापडलं.

प्रूमला रेल्वे नाही. गेरोलस्टाइनहून बस घ्या. रविवारी तुरळक असतात. २०२१ च्या पुरात आयफेल या इथल्या डोंगराळ भागाचा रेल्वेमार्ग उखडला गेला होता, तेव्हा निघण्यापूर्वी चालू वेळापत्रक बघाच. चढउतार आहे, पण रोज चालणाऱ्याला काही नाही. पावसाळी जाकीट मात्र लागतंच.

मधले मेत्झ, ट्रिअरचे दिवस सुखाचे गेले, त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

पाय शिल्लक असतील तर फ्रान्समधलं फोन्तन्वा गाव. २५ जून ८४१ ला इथे भाऊ भावांवर तुटून पडले, लोथार हरला, आणि वाटणीचा रस्ता मोकळा झाला. आज शेतं आणि १८६० चा एक स्मारकस्तंभ. नकाशात नुसतं ‘फोन्तन्वा’ टाकलंत तर बेल्जियममधलं, १७४५ च्या लढाईचं गाव पुढे येऊ शकतं; ‘आँ प्युझे’ जोडा. ऑक्सेरहून भाड्याची गाडी घ्या, बसच्या भरवशावर राहू नका, आणि पाणी, खाणं तिथूनच भरून घ्या.