घुमटावर सीपीआर

आज फोंड्यात देवळाच्या सभामंडपात सीपीआर शिकलो, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवायचा प्रयत्न कसा करायचा ते. सरांनी मोबाइलवर बी जीजचं १९७७ चं 'स्टेइन अलाइव्ह' लावलं. छाती दाबायची मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि त्या गाण्याची लय १०३च्या आसपास. पण आम्हा आरतीवाल्यांच्या हातांना ती काही सापडेना. शेजारच्या काकी तर सरावाच्या पुतळ्यावर पोळी लाटत होत्या!

शेवटी एकाने घुमट आणलं, आमच्या आरत्यांना वाजतं ते मातीचं तालवाद्य. सरांनी फोनवर मेट्रोनोम लावून ११० ची लय बांधून दिली, आणि हात आपोआप पडू लागले. पण घुमटवाला तो घुमटवालाच. रंगात आला नि लय चढली. सर ओरडले, "ओ, चतुर्थी नाही ही!" घाईत दाब उथळ पडतो. छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची.

दोन मिनिटांत माझा घाम पुतळ्यावर टपकायला लागला. माणूस दर दोन मिनिटांनी का बदलतात ते तेव्हा कळलं. "आधी १०८ ला फोन हां," काकींनी दोनदा बजावलं.

घरी आल्यापासून बोटं टेबलावर वाजतायत. बायको विचारते, कुठली आरती?