सीएल उडायच्या आत

डिसेंबरच्या शेवटच्या हप्त्यात, दुपारची वेळ, तालुक्याच्या एका ऑफिसात फेरफाराची नक्कल काढायला गेलो तर आत खुर्च्या आहेत, पंखे आहेत, माणसंच नाहीत. शिपाई बाहेर उन्हात बसला होता, तो म्हणे, "सीएल मारून राह्यले ना भाऊ सगळे, एकतीसच्या नंतर उडते ना थे."

आता यावर काय बोलणार. सीएल म्हणजे वर्षाच्या ८ किरकोळ रजा, पुढच्या वर्षात जात नाहीत, मग ज्याने त्या वर्षभर जपून ठेवल्या तो डिसेंबरात एकदम मोकळा करतो. कोणी हुरड्याला, कोणी सासुरवाडीला, आणि निम्मे तर स्वतःच्याच वावरात, कारण कापूस वेचायला माणूस भेटत नाही. अर्जावर मात्र सगळ्यांचं एकच, 'घरगुती कामानिमित्त'. मला याची फार चीड येते. हक्काची रजा आहे तर कारण कशाला मागता, आणि मागताच तर एखाद्याने खरं लिहावं ना, की साहेब आज ऑफिसकडे पाय वळत नाही. मी साहेब असतो तर त्याची आधी मंजूर केली असती.

आमचे बाबा पाटबंधाऱ्यात कारकून होते. रजा घ्यायची असते हे त्यांना मान्यच नव्हतं, रजा जमवायची असते. १ जानेवारीला १५ अर्जित, १ जुलैला १५, अर्धवेतनी दहा-दहा वेगळ्या, सगळं एका जुन्या डायरीत. आम्हाला वाढदिवस विचारला तर आईकडे पाहायचे, पण शिल्लक रजा झोपेतून उठवून विचारा, चूक नाही. आई दर उन्हाळ्यात म्हणायची, अहो एकदा चिखलदरा तरी दाखवा, अमरावतीवरून पुढे जायला किती वेळ लागते. बाबांचं उत्तर ठरलेलं, "रिटायर झालो का याचे पैसे भेटतात." भेटले पण. ३०० दिवसांचे पूर्ण, त्यातच आमच्या घराचा वरचा स्लॅब पडला. पण हिशोबात ३०० च्या वर धरतच नाहीत, आणि बाबांचे ३०० तर रिटायरमेंटच्या कितीतरी आधी भरले होते, म्हणजे नंतरच्या सगळ्या रजा भरल्या तलावाच्या सांडव्यावरून पाणी जावं तशा गेल्या. पाटबंधाऱ्यातल्या माणसाला हे दिसू नये! आईने चिखलदरा शेवटी महिला मंडळाच्या ट्रिपमध्ये पाहिला. "थंडी होती," एवढंच सांगितलं.

एकदाच मोठी रजा घेतली त्यांनी, आत्याच्या लग्नाला. चार्ज दुसऱ्याला द्यायचा होता म्हणून आदल्या दिवशी रात्री नऊ वाजेपर्यंत बसून टेबलावरचं होतं नव्हतं ते सगळं निपटवलं, महिनोन्‌महिने पडलेल्या फायली एका दिवसात गेल्या. तेव्हापासून माझं मत आहे की सरकारी माणूस सगळ्यात जास्त काम रजेच्या आदल्या दिवशी करतो. कामं वाढवायची असतील तर रजा वाढवा. पानठेल्यावर हे बोललो तर लोकं मारायला धावले.

पाच दिवसांच्या आठवड्याच्या वेळीही तिथेच भांडणं झाली होती. २९ फेब्रुवारी २०२० पासून सगळे शनिवार बंद, बदल्यात ऑफिस पावणेदहा ते सव्वासहा. एक पार्टी म्हणे आता जीव लावून काम करतील, दुसरी म्हणे आधी पावणेदहाला येऊन तं दाखवा. महिना व्हायच्या आत लॉकडाऊन लागला आणि कोण खरं हे तसंच राहिलं ते राहिलंच.

हे सगळं बोलताना मला आमच्या काकाचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आठवतो, का ते माहीत नाही. पाडव्याला त्याचं साल ठरायचं, इतके पैसे, इतकी ज्वारी. रजा हा प्रकारच नव्हता, नागा होता. नागा पडला की पैसे कटायचे, नाहीतर बायको यायची त्याच्या जागी. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, पण सालदाराला त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त काम, बैल धुवा, शिंगं रंगवा, झूल घाला, तोरणाखाली नेऊन उभे करा, मग घरोघरी फिरवा तेव्हा कुठे बोजाऱ्याचे, म्हणजे ओवाळणीचे, दोन पैसे हातात. एका वर्षी बैल ओवाळून झाल्यावर तो काकांना म्हणाला, "मालक, उद्या तान्ह्या पोळ्याले मले बी एक दिवस द्या ना, बैलाले देल्ला तसा."

काका हसले. आम्ही पोरंही हसलो. सुट्टी दिली की नाही ते आठवत नाही, आणि विचारायला आता काकाही नाहीत.