अष्टमीचा बेत: सोळा फुटी होडीतून रेवस ते उंदेरी

विसर्जन आटोपलं, पितृपक्ष लागला आणि परवाच्या रविवारी आम्ही ताडपत्री काढली. होडी जूनपासून मेव्हण्याच्या घरी, अलिबागजवळच्या रेवसच्या अलीकडे, पडवीत उपडी पडली होती. तपासणीचा निकाल असा: उंदरांनी शिडाची पिशवी खाल्ली, शीड वाचलं. वल्ह्यांवरचं चामडं बुरसलंय. मरीन प्लायवरचा इपॉक्सीचा थर दोन जागी फुगला होता, तो खरवडून पुन्हा भरला. सेंटरबोर्डच्या (होडीच्या मधोमध खाली-वर होणाऱ्या फळीच्या) पेटीची गळती मात्र गेल्या मोसमातून तशीच यंदाच्या मोसमात आली आहे.

नव्या मंडळींसाठी होडीची ओळख: लांबी सोळा फूट, एक डोलकाठी, एकच शीड, इंजिन नाही. सेंटरबोर्ड वर ओढला की वीतभर पाण्यात तरंगते, खाली सोडला की तीन फूट तरी लागतात. माणसं दोन, फार तर अडीच. अडीचावं माणूस म्हणजे माझा भाचा.

कोळीवाड्यातल्या बोटी नारळी पौर्णिमेला नारळ सोडून कधीच गेल्या. त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या पोटात इंजिन आहे. आमच्यासारख्यांनी परतीचा पाऊस जाईपर्यंत थांबावं. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मान्सून माघारी फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. सरासरी ती सरासरी. त्यानंतरही आठवडाभर दुपारी तीन-चारला पूर्वेकडे काळे ढग चढतात आणि अर्ध्या तासात वीज, वारा, पाऊस सगळं उरकून जातात. खाडीतल्या खाडीत असलो तर गंमत, मांडव्याच्या बाहेर असलो तर नाही.

बेत दोन दिवसांचा. रेवसहून ओहोटीबरोबर बाहेर पडायचं, मांडव्याचं टोक वळायचं आणि किनारा डाव्या हाताला ठेवत सासवणे, किहीम करत थळ गाठायचं. मुक्काम थळला. दुसऱ्या दिवशी थळसमोरच्या उंदेरी बेटाला वळसा, समुद्र निवांत असेल तरच त्यापलीकडचं खांदेरी बेट, आणि भरतीबरोबर परत. नकाशावर दोरा ठेवून मोजलं तर एका बाजूने साधारण दहा सागरी मैल भरतात. घारापुरी का नाही, असं दोघातिघांनी विचारलं. जवळ दिसते खरी, पण मधे न्हावा-शेव्याला जाणाऱ्या कंटेनर जहाजांचा मार्ग पडतो. तीनशे मीटर लांबीच्या जहाजाला आमचं शीड दिसलं तरी ते काही थांबू शकत नाही, आणि वारा पडला तर आम्हीही हलू शकत नाही. जवाहर द्वीपाकडे तर तेलाचे धक्के, तिथे फिरकायचंच नाही. शिवाय घारापुरीला पर्यटकांना रात्री राहता येत नाही. किनाऱ्याला धरून जाण्यात शहाणपण आहे आणि वाळूही आहे.

तारखेवरून मात्र घरात वाद झाला. मेव्हण्याला कोजागिरी हवी, मला तिच्यानंतरची वद्य अष्टमी. पूर्ण चंद्र, होडीत स्टोव्हवर मसाला दूध, थळच्या किनाऱ्यावर जागरण. ऐकायला छानच आहे. मी पंचांग उघडून त्याच्यापुढे ठेवलं.

आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सगळ्यांना ठाऊक असेल: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. रोज साधारण पाऊण तास पुढे. भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिलं तर थोडा फरक पडतो, पण बेत आखायला हा हिशेब पुरतो. आता पौर्णिमा घ्या. भरती दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. सकाळी निघायच्या वेळी खाजणात चिखल आणि संध्याकाळी परतायच्या वेळीही चिखल. आणि पौर्णिमेला उधाण, पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि उतरतं, म्हणजे चिखलही जास्तीत जास्त.

हा चिखल मी अंगावर घेतलेला आहे. मार्चमधल्या द्वितीयेला भरती दीडची होती. मी साडेतीनला परत येणार होतो, पाचला आलो. वारा पडला होता, दुसरं कारण नाही. खाडीच्या तोंडाशी होडी आत घेतली तेव्हा वल्हं नीट बुडत होतं. दोनशे मीटर पुढे वल्ह्याला चिखल लागायला लागला. सेंटरबोर्ड वर घेतला, सुकाणू वर घेतलं, उभा राहून बांबूने ढकललं, आणि मग होडी बसली. बसली म्हणजे आवाज नाही, धक्का नाही, फक्त हलायची थांबली. बाजूच्या चिखलातून निवट्या उड्या मारत होत्या. पाणी असं उतरत होतं की भाकरी खाऊन वर पाहीपर्यंत तिवरांची मुळं उघडी पडली. उतरून चालत जाण्याचा प्रश्न नव्हता, मांडीपर्यंत पाय जातो. पाच वाजल्यापासून रात्री सव्वादहापर्यंत मी तिथे बसून होतो आणि डासांनी मला सोलून काढलं.

एवढं झटपट पाणी का गेलं याचाही हिशेब आहे. सहा तासांच्या ओहोटीचे बारा भाग करा: पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. मुंबईच्या अपोलो बंदरला उधाणाची सरासरी भरती ४.४ मीटर आणि ओहोटी ०.७५ मीटर धरतात, म्हणजे साडेतीन मीटरहून जास्त चढउतार. एक भाग तीस सेंटिमीटरचा. मी आत शिरलो तेव्हा चौथा तास अर्धा झाला होता. वीस मिनिटांत फूटभर पाणी गेलं. माझ्या होडीला लागतंच वीतभर.

त्यानंतर मी खाडीच्या तोंडाशी, जिथे चिखलाची कड सगळ्यात उंच आहे, तिथे एक बांबू रोवला. अर्ध्या-अर्ध्या फुटावर लाल-पांढरे पट्टे. दोन महिने जमेल तेव्हा पट्टा आणि वेळ वहीत लिहिली आणि तक्त्याशी जुळवली. निष्कर्ष: तक्त्यातलं पाणी साधारण दीड मीटरच्या खाली गेलं की ती कड उघडी पडते. आता अष्टमी बघा. अष्टमीच्या पुढे एक-दोन दिवसांत भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. भांगाची सरासरी भरती ३.३ आणि ओहोटी १.८५. म्हणजे भांगाच्या पूर्ण ओहोटीलाही कडेवर फूटभर पाणी उरतं. आमची खाडी त्या दिवसांत होडीपुरती सुकतच नाही! हे वहीत दिसलं तेव्हा मी मेव्हण्याला रात्री साडेअकराला फोन केला. त्याचं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

वाऱ्याचंही तसंच. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, परीक्षेपुरते. पावसाळा संपला की इथे ते घड्याळासारखे नाहीत तरी वेळ पाळणाऱ्या माणसासारखे वागतात. पहाटे मतलई, जमिनीवरून, म्हणजे आपल्याकडे पूर्वेकडून. नऊ-दहाला तो दमतो. तास-दोन तास शीड फडफडत राहतं. मग खारा वारा उठतो, पश्चिमेकडून सुरू होऊन वायव्येला जातो आणि दोन ते चारच्या दरम्यान जोरात असतो. अष्टमीला पहाटे सहाला भरती भरली की ओहोटी आपल्याला रेवसहून बाहेर काढते आणि मतलई पाठीवर असते. मांडवा वळून दक्षिणेला लागलं की हाच वारा किनाऱ्यावरून बाजूने येतो, त्यामुळे लाट उठत नाही. परतीला दुपारी भरती लागते, मांडव्यापर्यंत वायव्येचा वारा डाव्या बाजूने थोडा पुढून येतो आणि मांडवा वळलं की डाव्या बाजूने मागून. रेवस-मांडवा टप्प्यात दोन्ही वेळा पाणी आणि वारा एका बाजूला. कोजागिरीला हे जुळत नाही, मतलई असताना पाणी आत येत असतं.

शेजारच्या वाडीतल्या नाखव्यांना सगळं गणित वहीसकट दाखवलं. त्यांनी वही हातात घेतली, उलटी-सुलटी पाहिली आणि म्हणाले, "पयलं पानी, मंग वारा. यात लिवायचं काय?" मग चहा घेतला.

पण त्यांनीच एक गोष्ट काढली जी माझ्या वहीत नव्हती. माझा विचार असा की थळला संध्याकाळच्या भरतीला होडी वाळूवर जितकी वर जाईल तितकी चढवायची, रात्री ती सपाट वाळूवर बसेल, आम्ही आत निवांत झोपू, पहाटेच्या भरतीला तरंगेल. नाखवा म्हणाले, पहाटेची भरती संध्याकाळच्या एवढी येईल कशावरून? खरंच. आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, आणि भांगाकडे जाताना तर पाणी दर दिवशी थोडं कमीच चढतं. वर चढवलेली होडी वरच राहिली असती आणि पुढचं उधाण येईपर्यंत आम्ही थळला किराणा भरत बसलो असतो. आता ठरलंय: मांडीभर पाण्यात नांगर टाकायचा, मागचा दोर किनाऱ्यावर, आणि तक्त्यात पहाटेचा आकडा संध्याकाळच्या आकड्यापेक्षा किती कमी आहे ते पाहून तेवढं खाली राहायचं.

नांगर दोन घेतोय. वाळू-चिखलासाठी फावड्याच्या पात्यांचा, आणि उंदेरीच्या खडकांसाठी कोळ्यांचा चार आकड्यांचा लोखंडी. खडकात आकडा अडकला की वरून ओढून निघत नाही. म्हणून आकड्यांच्या बाजूला दुसरा बारीक दोर बांधायचा, त्याच्या टोकाला रिकामी बाटली. अडकलाच तर बाटली उचलायची आणि उलट बाजूने ओढायचं. गेल्या वर्षी एक नांगर उंदेरीला अर्पण केलेला आहे.

उंदेरीवर उतरायचं की नाही ते तिथे ठरवू. भोवती खडक आहेत, पश्चिमेची उरलेली लांब लाट त्यांवर कशी फुटते ते लांबून कळत नाही. इन्कॉइसच्या (समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पानावर लाटेची उंची मीटरभराच्या वर दिसली तर खांदेरीही रद्द, किहीमच्या अलीकडेच पोहून परत. खांदेरीवर धक्का आहे, १८६७ सालचं दीपगृह आहे, वेताळाचं देऊळ आहे आणि दगडाने ठोकला की भांड्यासारखा वाजणारा तो खडक. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे.

मला ही जागा आवडते ती दुसऱ्या कारणासाठी. १६७९ च्या पावसाळ्यात महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली तेव्हा इंग्रजांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. मोठी जहाजं, मोठ्या तोफा. आणि थळ-नागावकडून लहान, उथळ बुडाच्या, वल्ह्यांच्या होड्या रात्री त्यांच्यामधून निसटून बेटावर रसद पोचवत होत्या. १८ ऑक्टोबरच्या लढाईत तर दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांचं डोव्हर नावाचं गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, धरून नेलं. ऑक्टोबर म्हणजे आपलाच मोसम. त्या तांडेलांनी तिथी पाहिली नसेल असं मला वाटत नाही.

बाकी तयारी भराभर सांगतो. पाणी माणशी दिवसाला चार लिटर, ऑक्टोबरच्या उन्हात याहून कमी नको. लाइफ जॅकेट अंगावर, पिशवीत नाही. शिट्टी, आरसा, दोन बॅटऱ्या. पाणी उपसायला तेलाचा पाच लिटरचा कॅन तिरपा कापून, दोराने बाकाला बांधलेला. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही क्रमांक बाकाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहिलेत. निघण्याआधी मांडवा सागरी पोलीस ठाण्यात दोघांची नावं, शिडाचा रंग आणि परतीची वेळ सांगून यायचं. डोल जाळ्यांचे (समुद्रात एका जागी बांधून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे) खुंट उजेडातच दिसतात, म्हणून फटफटायच्या आधी दोर सोडायचा नाही. रोरो बोटीची (मांडव्याला गाड्या आणणाऱ्या मोठ्या बोटीची) लाट आली तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, तिच्याकडे करायची, बाजू द्यायची नाही. खाणं तांदळाची भाकरी, सुकट आणि वहिनींचा चिवडा.

चंद्राचं म्हणाल तर अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. म्हणजे थळला झोपताना मिट्ट अंधार आणि पहाटे दोर सोडताना डोक्यावर अर्धा चंद्र. मेव्हण्याला हे सांगितलं. तो म्हणाला, मग अर्धं दूध करू.

आता गळती. पेटीला सहा बोल्ट आणि दोन लांब सांधे आहेत, आणि पाणी नेमकं कुठून येतं ते ओल्या लाकडावर कधीच कळलं नाही. या वेळी होडी सुलटी करून ठोकळ्यांवर ठेवली, पेटीचं खालचं तोंड फळी आणि मेणाने बंद केलं आणि पेटीत वरून पाणी भरलं, त्यात दोन चमचे कुंकू. बाहेरच्या बाजूला सांध्यांवर आणि बोल्टांवर पांढऱ्या फडक्याच्या पट्ट्या चिकटवल्या. सकाळी पाहिलं तर सांधे दोन्ही कोरडे. डावीकडच्या मागून दुसऱ्या बोल्टाखालची पट्टी गुलाबी, रुपयाएवढा डाग. वर्षभर मी सांध्यांना इपॉक्सी पाजत होतो.

बोल्ट काढलाय. भोक मोठं करून भरायचं आणि पुन्हा पाडायचं आहे, पण त्याला लाकूड कोरडं हवं आणि आज सकाळपासून पाऊस लागलाय. पडवीत दोनशे वॉटचा दिवा लावून ठेवलाय भोकाशी.