नकाशा-फलकांची मंजुरी: माझा अनुभव

पालिकेकडून पर्यटकांसाठी रस्त्यावर नकाशा-फलक लावून घ्यायचे म्हटलं की सगळे निधीची धास्ती घेतात. निधी, जागा, खोदकामाची परवानगी हे सगळं रीतसर अर्ज केला की मार्गी लागतं. आमचं घोडं अडलं ते नकाशाच्या दिशेवर, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

मंजूर झालेल्या नकाशात उत्तर वर होती आणि तोच नकाशा सगळ्या फलकांवर छापायचा होता. पुस्तकात हे ठीक आहे. पण फलक जमिनीत रोवलेला असतो, तो हातात धरून फिरवता येत नाही. दक्षिणेकडे तोंड करून वाचणाऱ्याच्या डाव्या हाताला पूर्व असते, नकाशात मात्र डावीकडे पश्चिम. म्हणजे उजवं-डावं पूर्ण उलटं. पूर्वेकडे तोंड असेल तर समोरचा रस्ता नकाशात उजव्या कडेला जातो. म्हणून वाचणाऱ्याच्या समोर जे आहे ते नकाशात वर यायला हवं. मानसशास्त्रज्ञ मार्विन लेविन यांनी 'तुम्ही इथे आहात' प्रकारच्या नकाशांबद्दल १९८२ साली हेच सविस्तर मांडलं, आणि लंडनमध्ये पादचाऱ्यांसाठी २००७ पासून लागलेले फलकही असेच फिरवलेले आहेत.

कार्यालयाचं म्हणणं असं, की फिरवलेला नकाशा म्हणजे नवा नकाशा, आणि नव्या नकाशाला नवी मंजुरी. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. रस्ते तेच, ठिकाणं तीच, मापही तेच, हे तोंडी कितीही सांगितलं तरी उपयोग नाही. लेखी शब्दरचना बदलल्यावर सुटलं. टिपणीत 'चार नकाशे' लिहू नका. 'एकच नकाशा, चार दिशांच्या मांडण्या' असं लिहा आणि परिशिष्टात तक्ता जोडा: फलक क्रमांक, जागा, वाचणाऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला, कोणती मांडणी. बहुतेक जागांना चार मांडण्या पुरतात. दुहेरी फलकाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या मांडण्या लागतात, हेही तक्त्यात आलंच पाहिजे. नाहीतर ठेकेदार दोन्हीकडे एकच छापतो.

डिझायनरने नुसतं चित्र फिरवलं तर अक्षरं आडवी-उलटी होतात. प्रत्येक मांडणीत नावं पुन्हा सरळ बसवावी लागतात, आणि या कामाचा उल्लेख निविदेतच हवा. एका फिरवलेल्या प्रुफात, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यात, पुलाचं नाव सरकून शेजारच्या गल्लीवर बसलं होतं. एक प्रूफ पाहिलं म्हणजे चारही पाहिली असं समजू नका.

दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर बघत असाल तर लोखंडी खांबापासून चार पावलं दूर उभे राहा, जवळ काटा भरकटतो.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: छपाईपूर्वी नकाशा साध्या कागदावर काढा, जागेवर फलकाच्या दिशेनेच धरा आणि अनोळखी माणसाला विचारा, "स्टेशन कुठं? हात करून दाखवा." हात चुकीकडे गेला तर नकाशा चुकलाय, माणूस नाही. माहिती केंद्राच्या खिडकीवर लोक काय विचारतात त्याची नोंदवही मिळवा. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, पार्किंग आणि बसथांबा नकाशात नसतील तर स्मारकांची रंगीत चित्रं कितीही सुंदर असोत, पर्यटक पुन्हा खिडकीवरच येणार. अंतर मीटरबरोबर चालायच्या मिनिटांतही द्या. पाच मिनिटं म्हणजे साधारण ४०० मीटर.

वेळा आणि तिकीटदर फलकावर छापू नयेत असं माझं ठाम मत आहे, ते बदलतात. त्यासाठी क्यूआर कोड द्या, पण तो थेट पीडीएफला जोडू नका. नवी पीडीएफ वेगळ्या नावाने चढली की छापलेला कोड मेला. पालिकेच्या संकेतस्थळावर एक कायमचा छोटा पत्ता घ्या आणि तिथून पुढे वळवा.

बसवण्याच्या दिवशी कुणीतरी तक्ता घेऊन जागेवर हवंच. खांबाच्या तळाशी असलेल्या चौकोनी बेसप्लेटला चार बोल्ट असतात, त्यामुळे खांब चारही दिशांनी तितकाच घट्ट बसतो, आणि काम करणाऱ्याला चूक कळत नाही. फलकाच्या कडेला क्रमांक आणि दिशेचा बाण रंगवून घ्या. खाली गटार किंवा केबल निघाली म्हणून खांब फिरवावा लागला, तर त्याच दिवशी मांडणी बदलायचं पत्र द्या. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, संपल्यावर तो खर्च ठेकेदाराच्या माथी मारता येत नाही.