सानूरचं घर आणि पोलोक

पाय भयंकर दुखतायत, पण आत्ताच लिहून टाकते, उद्या बालीतल्या उबुद गावाची गडबड सुरू झाली की हे सगळं डोक्यातून जाणार.

आजचा दिवस मोकळा होता, म्हणजे टूरवाल्यांच्या भाषेत शॉपिंगसाठी राखीव. ग्रुपमधले बाकीचे गेले मॉलमध्ये. नवऱ्याला झोपायचं होतं. मग मी आणि लेक अशा दोघीच इथल्या सानूरच्या बीचवर चालायला गेलो आणि चालता चालता एका चित्रकाराच्या घरात शिरलो. ल मेयर म्युझियम. आमच्या आयटिनररीत याचं नावसुद्धा नव्हतं.

आद्रियाँ ल मेयर, मूळचा बेल्जियमचा. हा बाबा आधी बरंच जग फिरलेला, आपल्याकडे येऊन बनारसचे घाटसुद्धा रंगवून गेलेला. 1932 मध्ये बोटीने बालीत उतरला तो काही महिन्यांसाठी, आणि राहिला पंचवीसेक वर्षं. तेव्हा वय 52. इथे त्याला नी पोलोक भेटली, लेगोंग नाचणारी, म्हणजे बालीचा पारंपरिक नाच. तिचं वय 15. तिला आणि तिच्या मैत्रिणींना समोर बसवून त्याने चित्रं केली, 1933 ला सिंगापूरला प्रदर्शन लावलं, ते जोरात चाललं, त्या पैशातून समुद्राला लागून ही जागा घेतली, घर बांधलं आणि 1935 मध्ये तिच्याशी लग्न केलं.

मी हे मोबाईलवर वाचत होते आणि बाजूला माझी पंधरा वर्षांची लेक शहाळ्यातली मलाई चमच्याने खरवडत उभी होती. 52 वजा 15, सदतीस. मनातल्या मनात दोनदा केली वजाबाकी. त्या काळी आपल्याकडेही हेच चालायचं, माझ्या पणजीला तर नववं सरून दहावं लागलं होतं लग्नात, सगळं मान्य, तरी घशाखाली उतरत नाही ते नाहीच.

आणि खरी पंचाईत पुढे आहे, चित्रं सुंदर आहेत. फार सुंदर. पानांतून गाळून पडलेलं ऊन असतं ना, अंगावर ठिपके ठिपके पडतात तसं, त्यात जांभळा आणि पिवळा असा काही मिसळलाय की सावलीसुद्धा गरम वाटते. बागेत बायका, विणताना बायका, फुलं घेतलेल्या बायका, नाचणाऱ्या. दहा-बारा चित्रं बघून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की बहुतेकींचा चेहरा एकच आहे. पोलोकच सगळीकडे. एका चित्रात तर तीच तिघी आहे असं मला वाटलं, लेक म्हणाली आई काहीही. पण एकाही चित्रात ती म्हातारी होत नाही. तो सत्तरी ओलांडून गेला, ती चाळिशीला पोचली, चित्रातली मात्र अठराचीच.

मी सगळ्यात जास्त थांबले ती गोणपाटावरच्या चित्रांसमोर. इथे एकूण 88 चित्रं आहेत आणि त्यातली 22 बागोरवर, म्हणजे इकडच्या पोत्यांच्या जाडसर कापडावर. 1942 च्या फेब्रुवारीत जपानी सैन्य उतरलं ते याच सानूरच्या किनाऱ्यावर, याला घरातच नजरकैदेत ठेवलं, कॅनव्हास कुठून येणार. मग मिळेल त्या पोत्यावर रंगवत बसला. जवळून बघितलं तर आडव्याउभ्या धाग्यांची वीण सरळ दिसते, रंग उंचवट्यांवर बसलाय आणि मधली भोकं तशीच राहिलीत, त्यामुळे गाल, खांदा, फूल, सगळ्याला एक खरखरीतपणा आलाय. दोन पावलं मागे गेलं की तेच धुकं वाटतं. बाकीची चित्रं झगमगीत आहेत, ही दबकी, मातकट. मला हीच आवडली, का ते नीट सांगता येत नाही, कदाचित यात तो कुणाला खूश करायला बघत नाहीये म्हणून असेल.

पण समुद्र इतका जवळ आहे की काळजी वाटते हो. आमच्या रत्नागिरीच्या घरात आजीच्या देवघरावर लक्ष्मीची जुनी तसबीर होती, काच, फ्रेम सगळं धड, तरी खारी हवा आत शिरून लक्ष्मीच्या पायाशी तपकिरी डाग चढत चढत पार कमळापर्यंत गेले होते. त्यातलं तर साधं छापील चित्र, इथे पोत्यावरचा रंग.

अजून एक गंमत. शेजारीच दहा मजली हॉटेल आहे, 1966 चं, जपानने युद्धाची भरपाई म्हणून जे पैसे दिले त्यातून बांधलेलं. म्हणजे ज्यांनी याला घरात कोंडलं त्यांच्याच पैशाचं हॉटेल याच्या कुंपणाला येऊन टेकलं, फक्त तोवर हा नव्हता. ते बघूनच मग बालीत नियम झाला की माडापेक्षा उंच काही बांधायचं नाही. हा नियम आमच्या कोकणात कुणीतरी आणा रे.

ल मेयर 1958 मध्ये गेला, ब्रुसेल्सला, कानाच्या कॅन्सरने. ती सोबत गेली होती उपचारांना, आणि परत आली ती एकटी. त्याआधी 1957 लाच घर आणि चित्रं सरकारकडे म्युझियमसाठी द्यायचं ठरलेलं. पोलोक मात्र इथेच राहिली, 1985 मध्ये जाईपर्यंत. सत्तावीस वर्षं! रोज सकाळी उठायचं आणि चहा घेऊन आपल्याच विशीसमोरून जायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायची. मूल नव्हतं. मला त्याच्यापेक्षा तिच्याशी बोलायला आवडलं असतं, काय विचारलं असतं कुणास ठाऊक, बहुतेक पहिला प्रश्न हाच की अहो तुमचे हात दुखायचे नाहीत का.

कारण लेगोंगची ती पोज साधी नाही. गुडघे वाकवलेले, कंबर एकीकडे, कोपरं खांद्याच्या रेषेत वर, बोटं मागे ताणलेली. नाचताना ठीक, पण तशीच धरून ठेवायची, तो रंग मिसळून, ब्रश पुसून, मागे जाऊन बघून परत येईपर्यंत.

बाहेर बागेत दोघांचे पुतळे आहेत, तिथे चाफ्याखाली मी लेकीला म्हटलं तशी उभी राहा, फोटो काढते. राहिली बिचारी. मोबाईलचं स्टोरेज फुल. मी जुने व्हिडिओ डिलीट करत बसले, तेवढ्यात मागून आवाज, "आई, लवकर, खांदे गेले माझे."

फोटो आलाय पण हललेला.