आमची वाटचाल : उभ्या घोड्याचा खर्च

आमच्याकडे चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, घोडा केवढ्याला पडेल? अहो, किंमत एकदा दिली की संपली. पुढे तो पंचवीस-तीस वर्षं जगतो आणि काम असो नसो रोज खातो, त्याचं काय ते कुणी विचारत नाही. आमच्या धंद्याचं सगळं गणित याच उभ्या घोड्याभोवती फिरत आलंय.

सुरुवात शेतीला जोडधंदा म्हणून झाली. जागा घरची, गवत घरचं, म्हटलं दोन घोडे ठेवू आणि रायडिंग शिकवू. दोन एवढ्यासाठी की घोडा कळपातलं जनावर, एकटा ठेवला की लाकूड चावत बसतो नाहीतर जागच्या जागी डुलत राहतो, म्हणजे खर्च पहिल्यापासूनच डबल.

साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला ७ ते १० किलो सुकं गवत लागतं, पाणी २५ ते ४५ लिटर, उन्हाळ्यात आणखी जास्त. गवत स्वस्त मिळतंय म्हणून बुरशी लागलेलं उचललं की खोकला आणि दम सुरू, मग वाचलेले पैसे डॉक्टरकडे. चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, जास्त झाली तर खुरं दुखून पाय धरतात. आणि खाणं बदलायचं झालं तर हळूहळू, आठ-दहा दिवस घेऊन, कारण घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात काही बिघडलं की ते वरून बाहेर पडायची सोयच नाही. पोटशूळ म्हणजे आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी धास्ती. घोडा सारखा वळून पोटाकडे बघतोय, पायाने जमीन उकरतोय, लोळतोय, लीद टाकली नाहीये, असं दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरला फोन जातो. रात्री येणारा डॉक्टर दिवसाच्या फीमध्ये येत नाही हे बजेटमध्ये आधीच धरावं लागतं.

बाकी मग ठरलेलं असतं, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येऊन खूर कापणार (नाल सगळ्यांना ठोकत नाही, कडक रस्त्यावर चालणाऱ्यांनाच), वर्षातून एकदा तरी दात तपासायचे, धनुर्वाताची लस, जंताचं औषध शक्यतो लीद तपासून.

नुसत्या रायडिंगवर हे भागेना, पाऊस लागला की क्लास बंद पण तोंडं चालूच. मग दुसऱ्यांचे घोडे सांभाळायला घेतले आणि जबाबदारी म्हणजे काय ते तेव्हा खरं कळलं, कारण घोडा त्यांचा पण रात्रीचा निर्णय आमचा. मालकाचा फोन लागत नाही, डॉक्टर म्हणतायत ऑपरेशन करायचं का आत्ता सांगा, खर्च कितीही होऊ शकतो, अशा वेळी काय करायचं हे घोडा आत यायच्या आधी कागदावर सहीनिशी लागतं. किती खर्चापर्यंत परवानगी, फोन लागला नाही तर कोण ठरवणार, आणि वाचण्यासारखा नसेल तर कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायचं का. हा शेवटचा मुद्दा वाचून काही लोक चक्क नाराज होतात. होऊ दे, सही नाही तर घोडा घेत नाही.

माणसांचा खर्च तर चाऱ्याहून जड जातो. खरारा (ब्रशने अंग घासणं), खूर साफ करणं, दोन वेळा लीद उचलणं, सणवार काही नाही, आणि घोडं कळणारा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, मिळाला की त्याला टिकवायचं, पगारात घासाघीस करायची नाही असं माझं स्पष्ट मत आहे. एका घोड्याची रोजची १५-२० किलो लीद, तिचं खत करून शेतात घालतो, रासायनिक खताचं बिल थोडं उतरलं. ताजी लीद मात्र चरायच्या कुरणात टाकत नाही, जंत परत पोटात जातात.

म्हातारे झालेले घोडे विकायचे नाहीत हे आम्ही घरात आधीच ठरवलं होतं. ते काही कमवत नाहीत, दात झिजल्यामुळे त्यांना भिजवलेलं मऊ खाणं लागतं, वेळही जास्त जातो. त्यामुळे शिकवणीच्या फीमधूनच दर महिन्याला थोडी रक्कम त्यांच्यासाठी बाजूला काढतो आणि फी जास्त का असं विचारणाऱ्याला हेच कारण सांगतो. काही जण दुसरीकडे जातात. सध्या या म्हाताऱ्या घोड्यांच्या कुरणाला लाकडी कुंपण घालायचं चाललंय, महाग पडतंय पण काटेरी तारेत घोडा पाय फाडून घेतो त्यामुळे तो विचारच नाही, आणि ते पुरं होईपर्यंत नवीन घोडा घेणं बंद ठेवलंय.